कोल्हा, निळा ई आणि रुखसानाचं नाव

११ जून २००७
आज पुन्हा दिरांशी, सुभाष भावजींशी, वाजलं. सायबर कॅफेत दिवसभर बसते मी, अन् मशीनवर काय ठेवायचं ते हे ठरवणार! "वैनी, गिऱ्हाइकाला निळा ई ठाऊक हाय. तो कोल्हा काढून टाका."
का काढू? निळ्या ई मध्ये, म्हणजे एक्स्प्लोररमध्ये, दर पानाला नवी खिडकी, वर नको त्या जाहिराती. शेजारी बाई बसलेली असली की मान खाली. कोल्ह्यात, म्हणजे फायरफॉक्समध्ये, सगळी पानं एकाच खिडकीत. लोडशेडिंगमध्ये मशीन धाडकन बंद पडलं तरी पुन्हा उघडल्यावर पानं होती तशी समोर. आधी इन्व्हर्टर आणा म्हणावं, मंग शिकवा.

१४ जून
खरं ते लिहावं. मराठी पेपर निळ्या ई मध्येच नीट दिसतात. कोल्ह्यात नुसता कचरा. पेपरवाल्यांनी स्वतःचा फॉन्ट लावून ठेवला, अन् बोलणी खाते मी. कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर ऑपेरा नावाचा तिसराच ब्राउझर टाकून पाह्यला. भुर्रकन चालतो, पण कितीतरी साइटी त्याला दारात उभं करत न्हाईत.

१९ जून
केदारखेड्याहून रुखसाना आल्ती. डी.एड. झालेली, मराठी शिकवायची हौस. इथल्या एका शिक्षणसंस्थेत मराठी शिक्षकाची जागा निघालीय, अर्ज फक्त ऑनलाइन. कोल्ह्यात भरला, नाव-गाव मराठीत. मधेच लाइट गेली. आली तेव्हा भरलेलं सगळं जागेवर! भावजींना मुद्दाम दाखवलं. प्रिंटरची शाई संपलेली, म्हणून अर्ज क्रमांक तेवढा लिहून घेतला.

२७ जून
मुलाखतीची यादी लागली. रुखसानाचा क्रमांक न्हाई. तिला घेऊन संस्थेच्या ऑफिसात गेले. क्लार्कनं स्क्रीन वळवून दाखवली. गुण बराबर. नाव ????. वडिलांचं ????. गाव ????.
"भाभी, मेरा नाम कहाँ गया?"
क्लार्क म्हणतो, "कशात भरला? खाली लिहिलंय की, फक्त एक्स्प्लोरर वापरा." लिहिलंय! पार तळाला, इंग्रजीत, मुंगीएवढं. मंग क्रमांक कसा दिला? तेव्हाच का न्हाई अडवलं?
"ते साइटवाल्याला विचारा. नावच न्हाई तर बोलवायचं कुणाला?"
रुखसाना हळूच म्हणाली, "साहेब, मी समोर उभी हाय. मला विचारा ना नाव."
न्हाई विचारलं त्यानं.

२८ जून
मी जेवायला गेल्ते तेवढ्यात भावजींनी सगळ्या मशीनवरनं कोल्हा काढला. "सांगितलं व्हतं ना?" रुखसानाचं तोंड आठवत राह्यलं. खरंच माझ्यामुळं?

२९ जून
आज डोकं चाललं. संस्थेची साइट दुसऱ्या एका जागेसाठी अजून उघडी हाय. निळ्या ई मध्ये माझंच नाव मराठीत भरलं. पावती छापली. नावाच्या जागी ????! म्हणजे कोल्ह्याचा काय दोष? त्यांच्या साइटलाच मराठी कळत न्हाई. साइटवरची मुलाखतीची यादी नीट पाह्यली. आलेली सगळी नावं इंग्रजीत भरलेली. मराठी शिकवायच्या जागेला मराठीत नाव लिहिलं, हा तिचा गुन्हा!
भावजींनी पावती उजेडात धरून वाचली. मंग एकच वाक्य, "हे चूक हाय, वैनी."

२ जुलै
पावतीला तक्रार जोडून ऑफिसात नेली, संग भावजी. क्लार्कनं फाइलखाली सरकवली, "बघू." मी खुर्ची ओढून बसले. पोहोच लिहून दिल्याशिवाय उठणार न्हाई म्हटलं. "बाई, आवाज खाली." कशाला खाली? भावजी आजवर बाहेर कधी माझ्या बाजूनं बोलले न्हाईत. आज दारातूनच म्हणाले, "वैनी बराबर म्हणतात. सही द्या."
दिली.
घरी येऊन कोल्हा परत टाकला. भावजींनी पाह्यलं, पण या खेपेला काढला न्हाई.

५ जुलै
संस्थेतून कॅफेच्या फोनवर फोन. रुखसानानं उद्या मूळ कागद घेऊन यावं. मुलाखत का? "आल्यावर सांगू." एवढं सरळ सांगायलाही जीभ जड!
तिला कळवलं. म्हणाली, "भाभी, मुलाखत घेणार का चूक माझीच म्हणून लिहून घेणार?"
काय सांगू? दोन्हीची तयारी ठेव म्हटलं. मी संग येते. अन् लिहून दे म्हणाले तर मी त्यांना त्यांच्याच सहीची पोहोच दाखवीन.