तिथला पत्ता

ती. आईस,

पाया पडतो. मी बरा आहे, जेवणाची आबाळ नाही. तुझे गुडघे कसे आहेत?

परदेशी जाणारा माणूस तिथे कुठे राहणार, ते विमान सुटण्याआधी आम्हा विमान कंपनीवाल्यांना तिथल्या सरकारला कळवावं लागतं. काल माझ्या काउंटरवर तुझ्याच वयाच्या आजी आल्या. त्यांना मुलाचा पत्ता सांगता येईना.

“पत्ता माहीत नाही आणि निघालात?” मी सगळ्यांदेखत ओरडलो. रांगेतले हसले.

“त्याने कळवलाच नाही रे,” त्या मान खाली घालून म्हणाल्या.

मुलाला फोन लावून मी पत्ता घेतला, आजींची माफी मागितली. त्या विमानाकडे गेल्या, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मीही घर बदललं ते तुला सांगितलं नाही. खोली लहान, चौघं राहतो, म्हणून लाजलो. नवा पत्ता पाकिटामागे लिहिलाय. पाठ करून ठेव.

तुझा,
धाकटा