ॲम्प्लिफायरचा पंखा हुपरीला गेला त्याबद्दल

शनिवार पेठ, कोल्हापूर
मे १९७८, शुक्रवार

रफिकभाई यांना बाबालाल शिकलगार याचा सलाम पोचावा.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? नजीराभाभींचा खोकला, तुमच्या चांदीच्या पैंजणांचा हंगाम, सगळं ठीक असावं. तुमच्या अम्मी आणि बहीण शमशाद तिकडे खुशाल आहेत, असं मी धरून चालतो. (ही चौकशी रीतीप्रमाणे केली आहे. शमशादला तसंच सांगावं. काळजीनं विचारलं, असं सांगू नये.) मी उत्तम आहे. स्वयंपाक मला येतो. शेजारचा केरबा रोज कालवण आणून देतो, तो भाग वेगळा.

तुमच्या घरी सध्या माझ्याविषयी जे बोललं जात असेल, ते बोलणाऱ्यांत विजेचं ज्ञान असलेलं कोणी नसणार, म्हणून हकिकत मुळापासून लिहितो. मी उद्यमनगरात लेथवर असलो तरी ॲम्प्लिफायर पुस्तकावरून आणि स्वतःच्या डोक्यानं बनवतो, हे तुम्ही जाणताच. यंदाच्या नव्या ॲम्प्लिफायरमधले दोन पॉवर ट्रान्झिस्टर म्हणजे दोन निखारे समजा. त्यांची उष्णता ओढून हवेत सोडायला पाठीमागं ॲल्युमिनियमची पातीदार वीट लागते. तिला हीटसिंक म्हणतात. बाजारात मिळाल्या त्या पत्र्याच्या, फुंकलं तर वाकतील अशा. म्हणून मी फौंड्रीतून ओतून घेतली. पाती उभी. उभीच पाहिजेत, कारण गरम हवा वर जाते. आडव्या पात्यांत ती पावण्यासारखी बसून राहते. फक्त पात्यांमधली ओतकामाची खरड काढायची राहिली होती, आणि एवढ्या बारीक फटीत हात चालणारा माणूस म्हणजे तुम्ही. निरोप स्पष्ट दिला होता: खरड काढा, बाकी काही करू नका.

भाई, तुम्ही प्रेमानं केलंत, हे मला मान्य आहे. पण रिठ्याच्या पाण्यात धुऊन, पॉलिश मारून, कडेनं वेलबुट्टी कोरून (तीत एक मोरही आहे) तुम्ही ती परत पाठवलीत ती नवरीच्या पायात घालावी अशी. हीटसिंक काळा असावा लागतो. काळी वस्तू उष्णता सोडते, चकाकणारी धरून बसते. मी काळा रंग मारायला ब्रश उचलला, तर शमशादनं हात धरला. "माझ्या भावानं कोरलाय त्यो मोर. रंग लावून तर बघा." रंग लावला नाही. तुमच्या बहिणीचा शब्द मी मोडत नाही, ही गोष्ट तिकडे कोणी सांगितली नसेल.

व्हायचं ते झालं. तिसऱ्या गाण्याला मोरावर पाण्याचा थेंब टाकला असता तर चर्र वाजलं असतं. (टाकला नाही. विजेच्या वस्तूवर पाणी टाकणारा मी नव्हे.) म्हणून मागं पंखा लावला. तोच, तुमच्या घरून लग्नात आलेला, पितळी पात्यांचा. हीटसिंक दह्याच्या गाडग्यासारखा गार झाला. अडचण एवढीच, की पंख्याची घरघर गाण्यापेक्षा मोठी. मग गाणं मोठं करायचं, की ट्रान्झिस्टर तापायचे, की पंखा आणखी जोरात. केरबा खिडकीतून म्हणाला, "बाबालाल, गाणं झ्याक हाय की! पर गिरणीत बसून गायल्यागत वाटतंय." त्याला संगीतातलं कळत नाही.

नेमक्या त्याच वेळी अम्मी आल्या. मी त्यांना खुर्ची दिली, सरबत दिलं, ॲम्प्लिफायर ऐकवला. पंखा त्यांच्याकडं वळवता आला असता. पण मध्येच वारा काढला तर ट्रान्झिस्टर जातो, माणूस जात नाही, फक्त घामाघूम होतो. हे मी त्यांना याच शब्दांत समजावलं. अम्मी पदरानं वारा घेत म्हणाल्या, "व्हय बाबा. म्हातारीचं काय, येक गेली तर दुसरी मिळंल. तुमी त्या डब्याला जपा." पुढच्या एस.टी.नं अम्मी, शमशाद आणि पंखा तुमच्याकडे आले. पंख्याची वायर मात्र शमशादनं बरोबर गुंडाळली. मी शिकवली होती तशी, पीळ न पडू देता.

आता घर शांत आहे, म्हणजे कामाला योग्य. तरी एक तांत्रिक बाब कळवतो. रेडिओवर गाणं लागलं की शमशाद चुलीपाशी अर्धी ओळ आधीच गुणगुणायची. गाण्याच्या पुढं चालायची तिची ही सवय मला फार खटकायची. हल्ली गाणं काही न सांगता येतं. एक ओळ संपते आणि दुसरी येईपर्यंत मी स्वयंपाकघराकडं बघत असतो. दोन्ही स्पीकर अदलाबदल करून पाहिले, वायरी बदलल्या, डाग पुन्हा दिले. आवाज स्वच्छ आहे. दोष सापडत नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की पंखा लवकर पाठवावा. अम्मींना सलाम, मुलांना प्रेम, आणि घरात आणखी कोणी माझं नाव काढलं तर त्यांनाही काय ते सांगावं.

तुमच्या बहिणीचा (अजूनही) नवरा,
बाबालाल

ता. क. पंखा नाजूक आहे. हिसक्यानं पाती वाकतात. कोणा परक्याच्या हाती देऊ नये. तो धरायचा अंदाज असलेलं घरचंच माणूस बरोबर असावं.

ता. क. दुसरं. खरं तर पंख्याची गरज उरलेली नाही. भाकरीच्या ॲल्युमिनियमच्या परातीला भोकं पाडून ट्रान्झिस्टर तिच्यावर बसवले, मधे अभ्रक घालून. गार राहतात. (शमशादला मी स्वतः सांगेन.) पण यात परातीचंही श्रेय नाही. हल्ली आवाज मी इतका बारीक ठेवतो, की दारात पाऊल वाजलं तर ऐकू यावं. एवढ्या आवाजाला काही तापत नाही. पंखा अम्मींना राहू द्या. बरोबरचं माणूस तेवढं पाठवा.

ता. क. तिसरं. अक्षर वाकडं आलं आहे, कारण हे गाडीत लिहितोय. पाकीट टाकायला गेलो, तर पेटीपाशीच हुपरीची एस.टी. उभी होती. पत्र नजीराभाभींच्या हाती आत देतो आणि मी बाहेर कट्ट्यावर बसतो. ऊन असलं तरी चालेल. घाई नाही. फक्त वाचाल ते मोठ्यानं वाचा, परातीचं तेवढं सोडून. ती हसली तर मला तिथवर ऐकू येईल.