कंस घाल, माधुरी

प्रिय रेवती,

आजोबा हल्ली मला माधुरी म्हणतात. माधुरी म्हणजे त्यांची धाकटी बहीण. मॅट्रिकच्या वर्षी तापाने गेली, एवढंच मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ऐकत आलेय.

दुपारची जेवणं झाली की ते मला टेबलाशी बसवतात. "माधुरी, लिही. क्ष अधिक य बरोबर सात. दोन क्ष वजा य बरोबर दोन. वरून य काढ. सात वजा क्ष ना? मग तेच खाली य च्या जागी ठेव." मला काय, सोपंच. पहिल्या दिवशी मी झटकन क्ष तीन, य चार लिहून दाखवलं. खूश व्हायचं सोडून ते परक्या बाईकडे बघावं तसे बघायला लागले. "माधुरीला हे येत नाही," म्हणाले. "तू कोण?"

मग मी मुद्दाम चुकायला लागले. वजाच्या पुढे कंस घालायचा नाही, की उत्तर हमखास चुकतं. "कंस घाल, माधुरी, कंस!" असं ओरडून ते शांत व्हायचे. मलाच काहीतरी व्हायला लागलं गं. परवा तुझ्या बाबांनी मला दोनदा नावाने हाक मारली, मी वळलेच नाही. टेबलाशी बसले की पाठीवर वेणीचं ओझं जाणवतं. आणि माझे केस तर तुला माहितीयत, खांद्यालाही टेकत नाहीत.

मंगळवारी मी पुन्हा चुकले. ते ओरडले नाहीत. माझा हात घट्ट धरून म्हणाले, "असू दे. नापास तर नापास. मी पुन्हा बोलणार नाही. पण विहिरीकडे जाऊ नकोस गं."

मुलुंडच्या त्यांच्या जुन्या चाळीमागे विहीर होती, रेवती. आता ती बुजवून वर पार्किंग केलंय. ताप वगैरे काही नव्हताच. मी म्हटलं, "नाही जाणार, दादा." त्या दिवशी ते पोटभर जेवले.

काल तुझ्या हॉस्टेलमधून शेजारच्या खोलीतल्या अक्षताचा फोन आला. रिझल्ट लागल्यापासून तू दार लावून बसलीयस, जेवायला येत नाहीस, फोनही बंद. मॅथ्स राहिलं म्हणे. आजोबांना एकटं सोडता येत नाही, नाहीतर मीच आले असते. हे पत्र बाबा दाराखालून सरकवतील. ते बाहेरच उभे आहेत. काहीही विचारणार नाहीत, तसं कबूल केलंय मला. दार उघड, बाळा.

तुझीच,
आई