गेरूखालची फिशप्लेट

आप्पा, आज तुमच्यावर चिडून लिहितेय. तुम्ही असता तर तोंडावरच विचारलं असतं.

उद्या खंडेनवमी. परतूरच्या रेल्वे गँगने हातोडे, पहारी, पाने धुऊन मांडलेत आणि रुळांच्या जोडांवर गेरूचा रंग चढवलाय. तुम्ही मुकादम होता तेव्हा ही चाल तुम्हीच पाडली. अंगणात रंग सांडतो म्हणून आई चुलीपासून ओरडायची आणि तुम्ही डबा ढवळत म्हणायचात, "देवापुढं मळकं जायचं न्हाई." आता त्याच रुळांची तपासणी माझ्याकडे आहे.

सकाळी मी म्हणाले, रंग खरवडा. दोन रूळ जोडणारी लोखंडी पट्टी, फिशप्लेट, काही एका दिवसात तुटत नाही. प्रत्येक चाक तिला जरासं वाकवून जातं, वर्षानुवर्षं, मग कुठेतरी केसाएवढी भेग पडते. ती रंगाखाली कशी दिसणार? कुणी जागचं हललं नाही. तुमच्या हाताखाली शिकलेला, आता निवृत्तीला आलेला एकजण म्हणतो, "ताई, मुकादमानं कधी खरवडलं न्हाई. सवताच्या बापाला खोटं पाडून राह्यल्या का तुम्ही?"

मग मीच तारेचा ब्रश घेऊन खाली बसले. फाटकाजवळच्या जोडाला भेग निघाली, पट्टीच्या अर्ध्यापर्यंत गेलेली. लाल झेंडी लावून गाडी थांबवली, फिशप्लेट बदलून घेतली. साहेबांचा फोन आला. भेगेबद्दल एक शब्द नाही. "सणाच्या तोंडावर गाड्या लटकवता?" इकडे गँग फुगून बसलेली, मी पूजा बाटवली म्हणून. त्या गाडीत माणसं होती, याचं कुणालाच काही नाही.

देवाला मळकं लोखंड चाललं असतं हो आप्पा. बघायचं होतं ते माणसाला, आणि त्याच्याच डोळ्यांपुढे तुम्ही रंग फासलात. इतकी वर्षं काही झालं नाही, ते नशीब. त्या नशिबाला हे लोक तुमची शिकवण म्हणतात आणि माझ्याशी भांडतात. मला याचा फार संताप येतो.

हे पाठवणार तरी कुठे? आईला वाचून दाखवावं, तर ती तुमचीच बाजू घेईल. एक मात्र सांगते. भेग शोधणं माझं कामच आहे, त्यासाठीच बसले होते. पण घासताना मनात सारखं येत होतं, इथे काही नसू दे, आप्पा बरोबर निघू दे.