डाव्या कानाची पाळी

१२ मार्च, गुरु.
पोस्टडॉकच्या कामासाठी मासळीचे नमुने घ्यायला कोल्ड स्टोअरमध्ये. आत उणे पंचवीस. सकाळी केस धुतलेले, बसस्टॉपवरून चालत येईपर्यंत वर घाम. कानटोपी ओल्या अंबाड्यावर बसेना, तशीच गेले. दहा मिनिटांचं काम, चाळीस लागली. बाहेर आले तर डावा कान आहे की नाही तेच कळेना. आरशात पाळी मेणासारखी पांढरी. घाबरून चोळायला लागले.
तिथल्या सुपरवायझरने हात धरला. "डोन्ट रब." कानातली कुडी काढायला लावली, धातू आधी गार होतो म्हणे. कोमट पाण्यात फडकं भिजवून दिलं. अर्धा तास ते धरून बसले. कान जागा झाला तेव्हा दुखण्याने डोळ्यांत पाणी.

१३ मार्च, शुक्र.
क्लिनिक. डॉ. तरुण मुलगी. फ्रॉस्टबाइट प्रत्यक्ष पहिल्यांदाच बघतेय, असं सरळ सांगितलं तिने. बरं वाटलं. फोड फोडायचे नाहीत. गरम शेक नाही, ड्रायर नाही. कोरफडीचं जेल, वर सैल गॉझ, दोनदा. त्या कुशीवर झोपायचं नाही. पुन्हा गारठला तर फार वाईट.
"घरी लावायला कोणी आहे ना?"
हो म्हणाले.

१४ मार्च, शनि.
कानाची मागची बाजू स्वतःला दिसत नाही. फोनने फोटो काढायचा, मग अंदाजाने चिकटवायचं. तीन गॉझ वाया.
घरमालकीण आंटी दारातून बघत होती. सत्तरीची, एकटी. खोलीचा करार तिच्या मुलाने केला. वुडलँड्सच्या या फ्लॅटमध्ये आठ महिने झाले, आमचं बोलणं वॉशिंग मशीनपुरतं. आज हात धुऊन आली, इथल्या लकबीत म्हणाली, "सिट, लाह." बसले. बोटं हलकी तिची. डोक्याला कोणाचा हात लागून किती दिवस झाले, ते आठवायला गेले आणि...

१७ मार्च, मंगळ.
फोडाच्या कडेला काळसर रेघ. डॉ. : "तेवढा भाग राहील की जाईल, आत्ता नाही सांगता येत. काही आठवडे थांबावं लागेल." बॉसची मेल, सोमवारी पुन्हा नमुने. कान बरा होईपर्यंत आत जाणार नाही, असं लिहिलं. पाठवलं. इथे राहायचा वर्क पास या नोकरीवरच आहे.
आईला नेट खराब आहे सांगून व्हिडिओ बंद ठेवला.

१९ मार्च, गुरु.
बॉसचं उत्तर नाही. आंटीने गॉझ बदललं, मग तांदळाची पेज पुढे ठेवली. दोघी जेवलो.

२१ मार्च, शनि.
आईला कान दाखवला. रडली नाही. नीट दिसावं म्हणून फोन इतका जवळ नेला की मला नुसतं तिचं कपाळ.
"औषध कोण लावतं गं?"
"घरमालकीण."
"नाव काय त्यांचं?"
"मी आंटी म्हणते."
आईने फोन लांब धरला. मग म्हणाली, "विचारून ठेव."