आपली कंपनी आणि ती दुसरी

३ जून, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. घरात गेम कन्सोल घ्यायचा आहे आणि तो निर्णय शास्त्रीय पद्धतीने व्हावा, अशी माझी इच्छा आहे. चिंगीला एकवीस तारखेला तेरावं लागतंय. तिची जिवलग मैत्रीण वडिलांच्या बदलीमुळे मार्चमध्ये गाव सोडून गेली. उंचीमुळे तिला सगळे जिराफच म्हणतात. ती गेल्यापासून चिंगी जेवताना बोलत नाही. दोघींना गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम आपापल्या घरून एकत्र खेळायचा आहे. गेम दोन्ही कंपन्यांच्या कन्सोलवर मिळतो, पण एका कंपनीची गाडी दुसऱ्या कंपनीच्या रस्त्यावर येत नाही. म्हणून चिंगीचं म्हणणं, "बाबा, जिराफकडे आहे तोच घे. एवढंच."

एवढंच म्हणे. एका मेंढराने उडी मारली की सगळ्यांनी मारायची. मी वजनकाट्यांचा निरीक्षक आहे. बावीस वर्षं बाजारातले काटे तपासतोय. पारडं कुठे झुकतं हे मला नाही कळणार तर कुणाला कळणार?

४ जून
पद्धत ठरली. नुसते आजचे दोन कन्सोल समोर ठेवून काही कळत नाही. घराणं बघावं लागतं. दोन्ही कंपन्यांच्या पाच-पाच पिढ्या झाल्या. पहिल्यापासून सुरुवात करणार. प्रत्येक पिढीला शंभर गुण. निःपक्षपातीपणा राहावा म्हणून रोजनिशीत कंपन्यांची नावं लिहिणार नाही. एक आपली कंपनी आणि एक ती दुसरी.

जिराफकडे ती दुसरी आहे. माझ्या मेहुण्याकडेही ती दुसरीच. शाळेत असल्यापासून तो तिची बाजू घेऊन वाद घालतो. या गोष्टीचा निर्णयाशी काडीचा संबंध नाही.

६ जून
माळ्यावरून आपला पहिल्या पिढीचा कन्सोल काढला. पाचवीत असताना मिळालेला. त्या दुसरीचा मेहुण्याकडून मागवावा लागला. त्याने जुनी यंत्रं सगळी जपून ठेवली आहेत. खोक्यात चिठ्ठी होती, भावोजी, रडू नका.

चाचणी. त्या दुसरीचा एका झटक्यात सुरू झाला. आपला झाला नाही. कॅसेट काढून सतरा वेळा फुंकली. बायकोने दारातून विचारलं की चूल पेटवतोयस का. शेवटपर्यंत सुरू झाला नाही. आता जो चाललाच नाही, त्याच्या वेगात दोष कसा काढणार? त्यामुळे त्या रकान्यात पूर्ण गुण द्यावे लागले.
आपली ६१. ती दुसरी ५८. चुरशीची लढत.

९ जून
दुसरी पिढी. ऑफिसातला प्रमाणित काटा घरी आणला. आपला कन्सोल दोनशे दहा ग्रॅमने जड भरला. जड म्हणजे दणकट. पाच गुण.

चिंगीने विचारलं, कितवी पिढी चालू आहे. दुसरी म्हटलं. किती आहेत? पाच म्हटलं. मग ती म्हणाली की सुट्टीत जोड्यांची स्पर्धा आहे. जिराफने दोघींची नावं दिली आहेत, पण वीस तारखेपर्यंत चिंगी स्वतःच्या कन्सोलवरून हजर झाली नाही तर नाव कटेल. तिला सांगितलं, घाईत तोललेला माल घरी येऊन कमी भरतो. ती म्हणाली, "बाबा, मी भाजी नाही मागितली."
तल्लख आहे. माझ्यावर गेली आहे.

११ जून
तिसरी पिढी. या वेळी आपला कन्सोल हलका भरला. हलका म्हणजे सुटसुटीत. पाच गुण.

१२ जून
खेळून बघायला दुसरं माणूस हवं म्हणून बायकोला बसवलं. ती त्या दुसरीवर जिंकली आणि आपलीवर हरली. यावरून काहीच सिद्ध होत नाही. ती उजव्या हाताने खेळत होती, त्या दुसरीचा कंट्रोलर उजव्या हाताला धार्जिणा आहे. डाव्या हाताने पुन्हा खेळायला सांगितलं. ती म्हणाली, डाव्या हाताने मी फार तर कान पकडू शकते, आणि तो माझा नसेल. चाचणी स्थगित.

१५ जून
चिंगी आता काही विचारत नाही. चार दिवसांत एकदाही नाही. पद्धतीवर तिचा विश्वास बसलेला दिसतो.

१६ जून, संध्याकाळ
चौथी पिढी. इथे एक तांत्रिक अडचण आली. एकूण बेरजेत ती दुसरी नऊ गुणांनी पुढे गेली. याचा अर्थ निकषांतच कुठेतरी दोष आहे. काटा चुकीचं वजन दाखवू लागला तर आधी काटा तपासावा, हे मी नवीन निरीक्षकांना पहिल्याच दिवशी शिकवतो. पूर्ण तक्ता पुन्हा बघितला. 'सातत्य' हा निकष राहूनच गेला होता. सातत्य म्हणजे एखाद्या ग्राहकाने तीस वर्षं तीच कंपनी धरून ठेवणं. आपल्या बाजूने असा एक ग्राहक मला व्यक्तिशः माहीत आहे. दहा गुण.
आपली एका गुणाने पुढे. समाधान वाटलं.

१९ जून
ऑफिसात माझ्याकडे बाजारातल्या तपासणीचा अहवाल मागितला. तयार नाही. पाचव्या पिढीची चाचणी दुकानातच उभ्याउभ्या करायचं ठरवलं.

२० जून
घेतला. आपला.

दुकानदार चांगला माणूस आहे, पण अभ्यास नाही. मी तक्ता उलगडून दाखवला, त्याने शांतपणे वाचला आणि विचारलं, "साहेब, मुलीच्या मैत्रिणीकडे कोणता आहे? लोक आधी तेवढंच विचारतात." त्याला म्हटलं, म्हणूनच लोक फसतात. त्याने खोकं बांधून दिलं.
मेहुण्याला कळवावंसं वाटलं. आवरलं.

२१ जून
वाढदिवस. चिंगीने खोकं बराच वेळ हातात धरलं. मग म्हणाली, "छान आहे, बाबा." वरचा कागद तिने फाडला नाही. चारही घड्या सरळ केल्या आणि कपाटात ठेवला. एरवी ही मुलगी साधी चादर घडी करत नाही. भेटवस्तूची किंमत कळते आहे.
नंतर तिने हळूच विचारलं की यावरून जिराफपर्यंत अजिबातच जाता येत नाही का. म्हटलं, नाही, पण चित्र बघ किती स्वच्छ आहे.

२२ जून
ती अकरा मिनिटं खेळली. एकटीच, मशीनविरुद्ध. जिंकली. उठून गेली.
जिराफने स्पर्धेसाठी शेजारची एक मुलगी घेतली आहे, असं बायकोकडून कळलं. बायकोला म्हटलं, स्पर्धा म्हणजे सगळं आयुष्य नव्हे. ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "पाच पिढ्या तपासल्यास. घरातली तेवढी राहिली."
हे बोलणं तक्त्यात कुठे बसवावं, सुचलं नाही.

२४ जून
दुकानात सहज डोकावलो. सहज विचारलं, बदलून देता का. सील तोडलेलं खोकं परत घेत नाहीत. दुकानदार मी तक्ता आणला आहे का हे विचारेल असं वाटलं होतं. त्याने पाणी विचारलं. ते जास्त लागलं.

२६ जून
यंदा शाळा जुलैच्या मध्यावर उघडते, म्हणून चिंगी पंधरा दिवस मामाकडे राहणार. ती आणि मी सुट्टीत सायकलवरून धरणापर्यंत जाणार होतो, पण धरण कुठे पळून जात नाही. बॅग तिनेच भरली, आठवण करून न देता दातांचा ब्रशसुद्धा घेतला. मेहुणा गाडी घेऊन आला. तो काहीतरी बोलणार म्हणून मी तीन उत्तरं तयार ठेवली होती. तो एवढंच म्हणाला, "भावोजी, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे." त्याच्यासारख्या माणसाने टोमणा गिळला, म्हणजे मी कसा दिसत असेन.
त्याची जुनी यंत्रं परत दिली. पुसून.

२८ जून
घर फार शांत. अहवाल पूर्ण करायला उत्तम वातावरण. पूर्ण केला नाही.

३० जून, संध्याकाळी ६.००
मेहुण्याला फोन केला. त्याच्या कन्सोलच्या वेगाबद्दल एक आकडा हवा होता. आकडा घेतल्यावर विचारलं, चिंगी खेळतेय का.
तो म्हणाला, खेळतायत कुठल्या. स्पर्धा ती शेजारची मुलगीच खेळली, पहिल्या फेरीत बाद. आता चिंगी आणि जिराफ रोज दुपारी गेमवर येतात, चिंगी इथून, ती तिच्या घरून, आपापल्या गाड्या काढतात, त्या गेममधल्या डोंगराच्या वळणावर रस्त्याच्या कडेला एकमेकींशेजारी उभ्या करतात आणि बोलत बसतात. बाकीच्या गाड्या बाजूने शर्यत लावून जातात. या दोघी हलत नाहीत. तास तास.

मी म्हटलं, बोलायचंच आहे तर फोन आहे की. मेहुण्याने तिथूनच तिला विचारलं. तिचं उत्तर मला लांबून ऐकू आलं. "मामा, फोन लावला की काहीतरी बोलावंच लागतं."
तो म्हणाला, देऊ का तिला? म्हटलं, नको, कामात आहे ती.

७.१५
तक्ता टेबलावर उघडा आहे. मेहुण्याने दिलेला आकडा अजून भरलेला नाही.
आपला कन्सोल सुरू केला. गाडी काढली. डोंगराचं वळण आपल्याकडेही आहे, आणि खरंच फार स्वच्छ दिसतं. तिथे कडेला गाडी उभी केली. पाऊण तास थांबलो. बऱ्याच गाड्या गेल्या. शेजारी कुणी थांबलं नाही.