न नेलेले कपडे

४ जुलै
वसतिगृह

ती. नानांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ‘जेवलीस का’ एवढंच विचारता आणि मागे धुलाईची यंत्रं गरगरत असतात, म्हणून लिहायला बसले आहे. सोबत एक मोठा तक्ता आहे. व्यवस्थापनाच्या पदवीची तीन वर्षं, सहा सत्रं, दर सत्राला पाच चौकटी. कोणत्या चौकटीत कोणता विषय, हे आत्ताच ठरवून पालकांच्या सहीनिशी द्यायचं आहे. आमच्या सल्लागार बाई म्हणाल्या की हा पोरींवर अन्यायच आहे, पण त्यातून सुटका नाही.

मी आपली लाँड्री डोळ्यांसमोर ठेवून तक्ता भरला आहे. विपणन, कामगार-संबंध, यंत्रांची देखभाल, शेवटी कौटुंबिक व्यवसायाची वाढ. मी परत येईन तेव्हा एकाची दोन दुकानं करायची आहेत.

शहरी वाहतुकीचं नियोजन असाही एक विषय आहे. शिकवणाऱ्या बाईंनी पूर्वी सबंध शहराच्या बसची वेळापत्रकं बसवली होती. नमुन्याच्या तासाला त्यांनी नकाशावर दोरा लावून दाखवलं, की नऊ नंबरची बस रोज का रखडते. एक थांबा कोपऱ्याच्या अलीकडे आणला आणि शेकडो माणसं वेळेवर घरी पोहोचायला लागली! मी त्या तासाला दोनदा जाऊन बसले. पण आपल्याला त्याचा काय उपयोग, म्हणून घेतला नाही. शेवटच्या सत्रातली एक चौकट मोकळी आहे, ती तुम्ही सुचवा.

बटणांची बरणी खिडकीत ठेवली आहे. खोलीतली मैत्रीण विचारते, ही कसली इस्टेट.

लोभ आहेच, तो तसाच ठेवावा आणि गुडघ्याला शेक द्यावा.

तुमची,
बटण


१५ जुलै
दुकान

चि. बटणास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तक्ता मिळाला. सही केलेली नाही. आपल्या दुकानाच्या चार विषयांना तू दीड ओळ दिलीस आणि एकट्या बसला सहा. मी मोजल्या. एवढं मोजता येतं मला, पदवी नसली तरी.

मोकळ्या चौकटीत मी पेन्सिलीने एक विषय लिहिला आहे: व्यवसाय बंद कसा करावा. तुमच्याकडे शिकवत असतील तर तो आधी घे, तिसऱ्या वर्षापर्यंत थांबायला मला सवड नाही. नोव्हेंबरअखेर लाँड्री बंद करायचं मी ठरवलं आहे. तीस वर्षं वाफेत गेली, आता छाती ऐकत नाही. डॉक्टर म्हणाले, वाफ सोडा, बाकी सगळं ठीक आहे. तेव्हा उगाच धावत येऊ नकोस.

दुकान सुरू कसं करायचं हेही मला कुणी शिकवलं नव्हतं, पण ते जमलं. बंद करणं जमत नाही. इस्त्रीवाल्या मावशी बावीस वर्षं माझ्याकडे आहेत, त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? बॉयलरवाल्या काकांचं काय? आणि दांडीवर लोकांनी न नेलेले कपडे आहेत, एकेचाळीस. कुणीतरी विश्वासाने टाकलेले. ते टांगलेले असताना शटर कसं ओढायचं, हे तुझ्या पुस्तकांत असेल तर बघ.

प्रकृतीला जप. आशीर्वाद आहेत ते पुरवून वापर.

नाना


२४ जुलै
वसतिगृह

ती. नानांस,
नमस्कार केला आहे असं समजा.

मी रागावले आहे. एकोणतीस चौकटी मी त्या दुकानासाठी भरल्या आणि तुम्ही मला विचारलंसुद्धा नाही. तुमचं चुकलं असं सल्लागार बाईंनी म्हणावं, म्हणून तुमचं पत्र घेऊन तरातरा त्यांच्याकडे गेले. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विषयांची पुस्तिका माझ्यापुढे सरकवली. अठ्ठेचाळीस विषय आहेत, नाना. सुरू करण्याचे आहेत, वाढवण्याचे तर ढीगभर आहेत. बंद करण्याचा एकही नाही.

विभागप्रमुखांना विचारलं, तर ते हसले आणि म्हणाले की असा विषय ठेवला तर बसायला कोण येईल. मला पहिल्या बाकावर तुम्ही दिसलात, वही उघडून, चष्मा पुसत. तिथेच रडू आलं.

शेवटी बाई म्हणाल्या, एक विषय स्वतंत्र अभ्यास म्हणून घेता येतो आणि त्या स्वतः मार्गदर्शन करतील. घेतला आहे. राग अजून गेलेला नाही. पहिलं काम असं, की दारावर पाटी लागायच्या आधी मावशींना आणि काकांना समोर बसवून सांगा. दुसरं, न नेलेल्या कपड्यांची यादी पावतीवरच्या फोन नंबरांसकट पाठवा. फोन मी करीन, तुम्हाला धाप लागते.

बाकी लोभाचं तुम्हाला माहीतच आहे.

बटण


२ डिसेंबर
दुकान

चि. बटणास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या अभ्यासासाठी सगळं एकदा नीट लिहून काढतो. मावशींना ऑगस्टमध्येच समोर बसवून सांगितलं. त्यांनी इस्त्री उभी केली आणि म्हणाल्या, की त्यांना मार्चपासून ठाऊक होतं, जिना चढताना मी मध्ये थांबायला लागलो तेव्हापासून. मी कधी बोलतो याची वाट बघत होत्या. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता त्या दवाखान्याच्या कपडेविभागात लागल्या आहेत आणि तिथल्या घड्यांना रोज नावं ठेवतात. काकांना शाळेच्या वसतिगृहात काम मिळालं.

तुझ्या फोनांनी लोक आले. एक गृहस्थ लग्नातला सूट न्यायला आले. पोटावर बटण लागेना, तरी तसाच घालून गेले. एका बाईंनी वडिलांचा स्वेटर नाकाशी धरला आणि मग माझ्यावर चिडल्या, इतका स्वच्छ कशाला धुतलात म्हणून.

चाळीस कपडे गेले. एक राहिला आहे, त्याचं मी बघतो. शटरची तारीख पुढे ढकलली आहे. वाफ बंद आहे, कुणी येत नाही. सकाळी उघडतो आणि बसून राहतो. खुणा केलेली पूर्ण यादी सोबत आहे.

आशीर्वाद नेहमीचेच, आज थोडे जास्त.

नाना


९ डिसेंबर
वसतिगृह

ती. नानांस,
शि. सा. न. वि. वि.

ऑगस्टमध्ये पाठवलेल्या यादीत चाळीसच कपडे होते. मला वाटलं, तुमची मोजणी चुकली. ती चुकत नाही, हे मला कळायला हवं होतं.

क्रमांक एकेचाळीस: तपकिरी कोट, बायकांचा, वरून दुसरं बटण नाही. पुढे नाव नाही, पत्ता नाही, फक्त तारीख आहे. आई दवाखान्यात गेली तो दिवस. आठ वर्षं तो धुऊन, इस्त्री करून तुम्ही त्या दांडीवर ठेवलात, मी त्याच दांडीखाली शाळेचा अभ्यास केला आणि मला पत्ता लागला नाही. तारीख पुढे का ढकलली हे आता कळलं. माझा राग गेला, नाना.

नवा तक्ता सोबत आहे, सल्लागार बाईंनी सत्रअखेरपर्यंत मुदत आणि एक चौकट मोकळी ठेवायची परवानगी मिळवून दिली. वाहतुकीचा विषय घेतला आहे, एक नव्हे, त्याचे तीनही भाग. शेवटची चौकट मोकळीच सोडली आहे, तिसऱ्या वर्षाचं तिसऱ्या वर्षी बघू. आता तरी सही करा. स्वतंत्र अभ्यासाचा अहवाल सोमवारी द्यायचा आहे आणि त्यात एकच खूण राहिली आहे.

शनिवारी दुपारी येते. इकडे थंडी पडली आहे आणि माझ्याकडे धड कोट नाही. सुई-दोरा काढून ठेवा. पावतीशिवाय कपडा मिळणार नाही, ही पाटी मी लहानपणापासून वाचत आले आहे. पावती माझ्याजवळ नाही. पण दवाखान्यात निघताना आईने ते बटण माझ्या तळहातावर ठेवलं होतं आणि परत आल्यावर लावू असं सांगितलं होतं. माझ्या बरणीतलं ते पहिलं बटण. ते दाखवलं तर चालेल का?

कोट मी अंगावर घालूनच बाहेर पडेन. मग शटर दोघं मिळून ओढू. तोवर उघडं ठेवा.

लोभ शनिवारी समक्ष घेईन.

तुमची,
बटण